बुडालेले जहाज आणि त्याच्या प्रतिकृती

प्लॅस्टिकच्या जहाजांवर टीकालेख लिहायला बसलेला माणूस पाहून काही वाचकांना हसू येईल. टीका करावी ती कादंबरीवर, कवितेवर, फार तर नाटकावर, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पण जी वस्तू माणूस महिनोन्महिने डोळ्यांत तेल घालून घडवतो, रंगवतो आणि मग काचेच्या कपाटात ठेवून चार लोकांना दाखवतो, त्या वस्तूतून त्याला काहीतरी सांगायचे असते. आणि जिथे सांगणे आले तिथे काय सांगितले नि काय गाळले, हे विचारण्याचा हक्क पाहणाऱ्याला आपोआप मिळतो.

रणगाडे, विमाने, आगबोटी, अंतराळयाने अशा हजारो वस्तूंच्या प्रतिकृती आज जगभर जुळवल्या जातात. त्या सगळ्यांचा धांडोळा घेण्यापेक्षा मी एकच जहाज घेतो. ते म्हणजे जपानची युद्धनौका यामातो. कुरे येथील गोदीत बांधलेली ही नौका डिसेंबर १९४१ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी २६३ मीटर. तोफा नऊ, प्रत्येकीच्या तोंडाचा व्यास ४६ सेंटिमीटर. ही आणि तिची बहीण मुसाशी यांच्याएवढ्या मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्याही युद्धनौकेवर नव्हत्या. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेल्या यामातोला अमेरिकन विमानांनी गाठले आणि टॉर्पेडो व बॉम्ब यांच्या माऱ्याखाली ती बुडाली. तिच्याबरोबर सुमारे ३,००० माणसे गेली.

अवघ्या पंधरा वर्षांत हे जहाज मुलांच्या हाती आले. शिझुओका शहरात १९४६ साली लाकडाचा धंदा म्हणून सुरू झालेल्या तामिया या कारखान्याने १९६० साली आपली पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली, ती यामातोची. पुढे १९७१ साली शिझुओका परिसरातल्याच चार कारखान्यांनी आपापसांत जहाजे वाटून घेऊन ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली. प्रमाण एकास सातशे. या मालिकेतल्या जहाजांना पाण्याखालचा भाग नाही. जलरेषेपाशी ती सपाट कापलेली आहेत, म्हणजे टेबलावर ठेवली की टेबलाचाच समुद्र व्हावा. कल्पना मोठी गोड आहे. पण यामातोच्या बाबतीत तिला एक कडवट चव आहे. खरी यामातो आज दोन तुकडे होऊन समुद्राच्या तळाशी पडली आहे. आणि तिची ही प्रतिकृती म्हणजे नेमका पाण्याच्या वरचाच भाग!

आता कारागिरीकडे वळू. सातशेव्या हिश्श्यात हे जहाज साडेसदतीस सेंटिमीटरांचे होते. डेकवरच्या कठड्याची गज अर्ध्या मिलिमीटरची केली, तर ती खऱ्या जहाजावर पस्तीस सेंटिमीटर जाडीची ठरेल. म्हणजे कठडा राहिला बाजूला, तिथे तुळई बसेल. म्हणून साच्यातून निघालेल्या जहाजाला बहुधा कठडाच नसतो आणि हौशी माणसे पितळेच्या पातळ पत्र्याचा, कोरून काढलेला कठडा वेगळा आणून लावतात. मला कठडा गाळणारा कारागीर अधिक प्रामाणिक वाटतो. जे नीट सांगता येत नाही ते न सांगणे हा कलेचा जुना संकेत आहे. जाणकार मंडळी जिला ‘अचूकपणा’ म्हणतात, ती वस्तू पुष्कळ वेळा अशा संकेतांचीच बेरीज असते. शरणागतीच्या वेळी या जहाजाचे बरेचसे आराखडे नष्ट करण्यात आले होते. तेव्हा उरलेल्या थोड्या छायाचित्रांवरून या लोकांनी जहाज पुन्हा उभे केले, हे श्रम संशोधकाला शोभावेत असे आहेत. त्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझी तक्रार पुढची आहे. एकास सातशे या प्रमाणात माणूस अडीच मिलिमीटरही भरत नाही. तो तिळाएवढा होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने जुळवलेले यामातो मी हाती घेऊन पाहिले. तोफांच्या नळ्या सरळ, डेकच्या फळ्या मोजून घ्याव्यात अशा. “यावर माणसे किती होती रे?” असे मी विचारले. त्याने तोफा, वेग, चिलखताची जाडी सगळे धडाधड सांगितले. माणसांचा आकडा मात्र त्याला ठाऊक नव्हता. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातातल्या वस्तूने तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तीन हजार तीळ धड मूठभरही होत नाहीत.

कुणी म्हणेल, प्रमाणच असे आहे तर माणसे दाखवणार कशी? मान्य. परंतु हेच कारागीर बाजूच्या पत्र्यावर गंजाचे ओघळ काढतात, नांगराच्या साखळीखाली मिठाचे डाग रंगवतात. काळाने आणि समुद्राने केलेली झीज त्यांना दिसते. युद्धाने केलेली झीज मात्र सहसा दिसत नाही. हा प्रमाणाचा नाइलाज नव्हे, ही आवड आहे. आणि आवडीवर टीका करता येते.

या संदर्भात विज्ञानकथेतली यामातो पाहण्यासारखी आहे. १९७४ साली जपानी दूरचित्रवाणीवर ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही चित्रमालिका आली. साल २१९९. परग्रहावरच्या शत्रूने पृथ्वी भाजून काढली आहे, समुद्र आटले आहेत आणि कोरड्या तळावर यामातोचा गंजलेला सांगाडा पडला आहे. त्यातून अंतराळयान उभे राहते, दूरच्या ग्रहावरून किरणोत्सर्ग निवारणारे यंत्र आणण्यासाठी निघते आणि परत येते. या यानाच्याही प्रतिकृती निघाल्या, आजही निघतात. गंमत अशी की २०१२ च्या नव्या आवृत्तीत या यानाची लांबी ३३३ मीटर केली गेली. जुन्या लांबीत कथेतली दालने मावणे कठीणच होते. कधी नसलेल्या वस्तूचेही मोजमाप सुधारावे लागते, एवढी प्रमाणाची भूक जबर आहे.

तरीही एका बाबतीत ही भाकडकथा अचूक प्रतिकृतीपेक्षा खरी आहे. जहाज बुडाले, ही गोष्ट ती आधी कबूल करते. तिची सुरुवातच सांगाड्यापासून आहे. मात्र पुढे ती एक मोठी सवलत घेते. जी नौका परत येण्याची आशा नसताना धाडली गेली, तिला ती सुखरूप घरी आणते. पराभूत राष्ट्राच्या मनातली ही इच्छा मला समजते. परंतु इच्छा समजणे म्हणजे तिला होकार देणे नव्हे.

तिसरी प्रतिकृती कुरे येथील संग्रहालयातली. २००५ साली उघडलेल्या या संग्रहालयात एकास दहा प्रमाणाची, म्हणजे २६.३ मीटर लांबीची यामातो आहे. ज्या गावाने जहाज बांधले त्याच गावात ती आहे आणि तिच्या आसपास त्या जहाजाच्या माणसांच्या आठवणीही मांडलेल्या आहेत. इथे प्रतिकृती एकटी बोलत नाही, म्हणून ती पुरे बोलते.

आपल्याकडे या दिवसांत अंगणाअंगणात किल्ले उभे राहिले असतील. तिथे प्रमाणाचा पत्ता नसतो. मावळा दरवाजात मावत नाही, हळिवाची शेते तटाला टेकतात आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात. शिझुओकाचा कारागीर हे पाहून कपाळाला हात लावील. पण माती थापणाऱ्या पोराला किल्ल्यावर माणूस महत्त्वाचा वाटतो, आणि तो त्याला मोठा करतो. याचा अर्थ आपला किल्ला श्रेष्ठ असा मी काढत नाही. आपल्या किल्ल्यावरही कुणी मेलेला नसतो, आणि कोंडाणा करणारी मुले तानाजी उभाच ठेवतात. एवढेच दिसते, की लहान करताना काय लहान करायचे हे दर वेळी कुणीतरी ठरवत असते.

तेव्हा माझा अभिप्राय असा. हातांची शिस्त म्हणून वॉटरलाइनची यामातो उत्तम, कल्पनेची झेप म्हणून चित्रमालिकेतली, आणि दोन्हींची जबाबदारी पत्करणारी म्हणून कुरेची. मुलांना पहिली जरूर आणून द्यावी. ती जुळवताना त्यांच्याशेजारी बसावे, गोंदाची बाटली धरावी, आणि डेकच्या फळ्या मोजून झाल्या की त्यांना माणसांचा आकडाही सांगावा.