वैनगंगेच्या काठी लाव्हारस : एका उत्तरार्धपटातील कालविपर्यास

रड्‌यार्ड किपलिंग यांच्या मोगली-कथांतील ‘वैनगंगा’ ही कविकल्पना नव्हे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडाऱ्यावरून दक्षिणेस येणारी, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांमधून सीमारेषेप्रमाणे वाहणारी आणि वर्धेस मिळून पुढे प्राणहिता म्हणविणारी तीच ही नदी होय. तेव्हा या कथांवरील बोलपटांचे गुणदोष पाहण्याचा अधिकार या नदीकाठच्या प्रेक्षकास, परदेशी समीक्षकापेक्षा काकणभर अधिकच, पोचतो. डिस्ने कंपनीच्या १९६७ मधील चित्रांकित बोलपटाचा उत्तरार्ध ‘द जंगल बुक २’ या नावाने २००३ साली प्रदर्शित झाला. त्याचा या दृष्टीने फारसा विचार झालेला दिसत नाही.

मधल्या छत्तीस वर्षांत मोगलीचे वय वाढलेले नाही. याबद्दल तक्रार करणे रसिकतेचे लक्षण ठरणार नाही. रेखांकित पात्रांना ती मुभा असतेच. काळा बिबळ्या बघीरा याच्यावरही दोषारोप करण्याचे कारण नाही. २०१८ च्या मे महिन्यात ताडोबाच्या अरण्यात असा काळा बिबळ्या पर्यटकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. पूर्वार्धातील वानरराज लुई हा मात्र ओरांगउटान, म्हणजे बोर्निओ व सुमात्रा या बेटांचा रहिवासी. किपलिंगच्या ‘बंदर-लोकां’ना राजाच नाही, आणि राजा नसणे हेच तर त्यांचे व्यंग आहे. उत्तरार्धात लुई येत नाही, हे एका परीने बरेच झाले.

खरा प्रश्न शेवटच्या प्रसंगाचा आहे. तेथे एका भग्न मंदिराखाली तप्त लाव्हारसाचा डोह उसळताना दिसतो आणि शेरखान त्यातील एका दगडी मूर्तिशीर्षात अडकून पडतो. सिवनीच्या पठारावर लाव्हारस होता, हे भूशास्त्रास मान्य आहे. तेथील काळा पाषाण त्याचाच, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूसही तो आढळतो. पण हा लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिला. त्या वेळी पृथ्वीवर वाघ नव्हता, माणूसही नव्हता. मंदिराच्या घड्याळात इतकी मोठी चूक क्वचितच झाली असेल.

ही चूक केवळ अज्ञानातून झाली असे म्हणून भागत नाही. मूळ कथेत मोगली गावच्या म्हशी राखतो. नदीकाठच्या घळीचे तोंड कोठे उघडते, हे ठाऊक असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी म्हशी सोडून शेरखानास तुडवून मारवितो. गुराख्याचे रोजचे काम हेच तेथे शस्त्र होते. १९६७ च्या बोलपटाने म्हशी काढून टाकल्या आणि वाघास शेपटीला जळती फांदी बांधून पळवून लावले. पळालेला वाघ उत्तरार्धात परतणारच. परंतु कौटुंबिक बोलपटात त्याला मारणे योग्य दिसेना, आणि मोकळा सोडणेही शक्य नव्हते. त्या अडचणीतून लाव्हारस उपजला. अर्थात कालविपर्यासाचे मूळ भूगर्भात नसून, गावातील श्रम कथेतून वजा करण्यात आहे.

हीच वजाबाकी अन्यत्रही दिसते. किपलिंगच्या १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुका’त गोंड शिकारी येतो. गावावर रान चालून आल्यावर ग्रामस्थ सल्ल्यासाठी गोंडांच्या मुखियाकडेच धाव घेतात. किपलिंगची दृष्टी साम्राज्यवादी होती, यात शंका नाही. तरीही अरण्याची भाषा जाणणारा माणूस कोण, हे त्याला माहीत होते. ज्या मुलखात चांद्याच्या गोंड राजांनी परकोट बांधले, त्या मुलखाच्या नदीवर घडणाऱ्या या दोन्ही बोलपटांत गोंड हा शब्ददेखील नाही. गाव कोठलेही असावे तसे आहे.

एक प्रसंग मात्र या सर्वांतून वेगळा काढावा लागतो. मोगलीचा पालक मुलांना नदी ओलांडून रानात जाण्यास सक्त मनाई करतो. बोलपटाच्या मते हा वडीलधाऱ्याचा हटवाद आहे, आणि अखेरीस मुले रोज रानात खेळावयास जाऊ लागतात, असा सुखान्त केला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचण्यासाठी आणि पुढे तेंदूपाने तोडण्यासाठी माणसे पहाटेच रानात शिरतात. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या वार्ता याच दिवसांत विशेष येतात. त्या घरांतून हा बोलपट पाहणाऱ्यास पालकाचे बोलणे मुळीच हटवादी वाटणार नाही. रोज रानात खेळावयास जाणारी ती मुलेच परकी वाटतील.