‘असमर्थित’ : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकाच्या मराठी परिभाषेत ‘असमर्थित’ हा शब्द रूढ झाला आहे. जुन्या यंत्रावर नवे फर्मवेअर चालवावे की नाही, हा प्रश्न निघाला की बहुधा याच एका शब्दाने निकाल दिला जातो. परंतु या संज्ञेची घडणच दिशाभूल करणारी आहे. तिच्यात ‘समर्थन’ अभिप्रेत आहे. मराठी वाचकाच्या मनात मात्र ‘असमर्थ’ हा शब्द उभा राहतो. वस्तुतः ती यंत्राची शक्ती सांगत नाही. निर्मात्याने जबाबदारी घेतलेली नाही, एवढेच सांगते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे ‘रेडीनॅस’ या साठवणयंत्रांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जाळ्याला जोडून अनेकांना एकाच ठिकाणी फाइली ठेवता याव्यात, यासाठी ही यंत्रे असतात. ती मूळ इन्फ्रंट या कंपनीची. २००७ मध्ये नेटगिअरने ती कंपनी विकत घेतली. २०१३ मध्ये नव्या यंत्रांसाठी सहाव्या क्रमांकाची प्रणाली निघाली. जुन्या यंत्रांपैकी स्पार्क घडणीच्या प्रोसेसरवर ती चालणे अशक्यच होते. इंटेल प्रोसेसरच्या प्रो व अल्ट्रा या यंत्रांवर ती चालते, हे मात्र वापरणाऱ्यांनी दाखवून दिले. कंपनीने त्याचे उत्तरदायित्व स्वीकारले नाही. एका ठिकाणी अशक्यता, दुसऱ्या ठिकाणी केवळ हमीचा अभाव. आणि दोहोंना संज्ञा एकच!

तथापि, ‘चालते ना, मग झाले’ हा उलट पक्षही तितकाच उथळ आहे. या बदलात फाइलव्यवस्था एक्स्ट-फोरऐवजी बीटीआरएफएस होते. त्यामुळे बिघडलेला मजकूर ओळखण्याची आणि पूर्वस्थितीची प्रतिमा जपण्याची सोय मिळते, हे खरे. पण तबकड्या प्रथम पूर्ण पुसल्या जातात. परत जुन्या प्रणालीकडे जायचे तर त्या पुन्हा पुसाव्या लागतात. जुन्यावरच स्वस्थ बसणेही निर्धोक नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ यंत्रांची सुधारणा २०१५ मध्ये थांबली आणि जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या अशा अनेक यंत्रांतील सामग्री बाहेरून पुसली गेली. ज्या यंत्रावर फर्मवेअर एकेकाळी पूर्णतः ‘समर्थित’ होते, त्याचीच ही गत झाली.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रदेशांत हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. माडिया, गोंडी, कोलामी या द्राविडी भाषारूपांचे क्षेत्रीय ध्वनिमुद्रण ज्या अभ्यासकाच्या यंत्रात असेल, त्याची सामग्री बाजारात पुन्हा मिळणारी नसते. कथा सांगणारी वृद्धा निवर्तल्यावर तिचा उच्चार कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. शिवाय पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग खंडित होतो. आणि फर्मवेअर बदलत असता मध्येच वीज गेली तर यंत्र निरुपयोगी होण्याचा संभव असतो. म्हणून दुसरी प्रत पावसाळ्यापूर्वी अन्य गावी पोहोचलेली आणि तेथे ऐकून पडताळलेली असली पाहिजे. ही अट पूर्ण होईपर्यंत बदलाचा विचारही अकाली होय.

रूढ झालेला शब्द आता हटविता येईल, असे नाही. परंतु अभ्यासपर लेखनात तरी त्याचे तीन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत : ‘अशक्य’, म्हणजे जेथे प्रोसेसरच जुळत नाही, ‘अपरीक्षित’, म्हणजे जेथे कोणी चालवून पाहिलेले नाही, आणि ‘हमीविना’, म्हणजे जेथे चालते पण निर्माता उत्तरदायी नाही. पहिल्यात प्रयत्न व्यर्थ आहे, दुसऱ्यात रिकाम्या तबकडीवर प्रयोग करणे योग्य आहे, तिसऱ्यात निर्णयाचा भार सर्वस्वी वापरणाऱ्यावर आहे. हा भार कोणाचा, हे जी संज्ञा झाकून ठेवते, ती परिभाषा म्हणून सदोषच मानली पाहिजे.