लीळाचरित्रातील ‘वासना’ : शोक, स्मरण आणि स्वत्व

लीळाचरित्राकडे अभ्यासकांनी आजवर अनेक अंगांनी पाहिले आहे. भाषाशास्त्रज्ञांना त्यात यादवकालीन बोलीचे जिवंत रूप सापडले, इतिहासकारांना तेराव्या शतकातील गावे, बाजार, अन्नवस्त्रे आणि जातिव्यवहार सापडले, आणि तत्त्वचिंतकांना सूत्रपाठामागील प्रसंगांची उकल झाली. ही सर्व कामे मोलाची आहेत. परंतु हा ग्रंथ मुळात शोकाकुल माणसांच्या आठवणींतून उभा राहिला, ही गोष्ट प्रस्तावनेत एकदा नमूद करावयाची आणि पुढे विसरून जावयाचे, अशी आपल्या समीक्षेची रीत पडली आहे. ग्रंथाची घडण मात्र त्या शोकाशीच बांधलेली आहे, आणि ‘वासना’ ही त्यातील विलक्षण योजना त्यावाचून उलगडत नाही.

इ. स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर दृष्टीआड झाले. मागे राहिलेल्या मंडळींपैकी नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, ह्या वियोगाने पार खचून गेले. आज अमरावती जिल्ह्यात मोडणाऱ्या रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभू होते. त्यांच्या सन्निधानी हा विखुरलेला परिवार हळूहळू एकत्र आला. परंपरा सांगते की, भटोबास एकांतात बसून गोसाव्यांच्या एकेका लीळेचे स्मरण करीत, आणि म्हाइंभटांनी त्यांना ह्या एकांतसेवनाविषयी विचारले. ज्यांनी गोसाव्यांना पाहिले त्यांना स्मरणाचा आधार आहे. जे पुढे येतील त्यांनी कशाचे स्मरण करावयाचे? ह्या चिंतेतून ग्रंथाचा संकल्प झाला. इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या स्थानी लीळांचे लेखन सिद्ध झाले, असे पंथ मानतो.

ह्या हकीकतीतील स्थित्यंतर लक्षात घेण्यासारखे आहे. भटोबासांचे स्मरण व्यक्तिगत होते. ते त्यांच्या दुःखाचे निवारण होते आणि त्या दुःखाचे इंधनही होते. म्हाइंभटांच्या प्रश्नाने ते बाहेर आले आणि इतरांच्या स्मरणांशेजारी येऊन बसले. सिग्मंड फ्रॉइड ह्याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोक आणि विषण्णता ह्यांवरील निबंधात असे प्रतिपादन केले की, शोक करणारे मन गेलेल्या माणसाशी निगडित अशी एकेक आठवण पुढे आणते आणि तिच्यातून आपला ओढा सोडवून घेते. जिथे हे घडत नाही तिथे दुःख स्वतःवरच उलटते. रिद्धपुरात पहिली पायरी नेमकी हीच दिसते. एकेक आठवण पुढे आणली जाते. हेतू मात्र उलटा आहे. येथे ओढा सोडवावयाचा नाही, तो टिकवावयाचा आहे. डेनिस क्लास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मृतांशी चालू राहणाऱ्या संबंधांचा जो विचार मांडला, त्यात हा हेतू अधिक चांगला बसतो. गेलेल्याशी असलेले नाते संपविण्याऐवजी त्याचे रूप पालटणे, हेही निरोगी मनाचे लक्षण असू शकते, हे पाश्चात्त्य मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केले. महानुभावांनी नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा अशा चार प्रकारच्या स्मरणांचा नित्यविधी घालून हे नाते आचारधर्मात आणले होते.

परंतु केवळ स्मरणाचा विधी घातल्याने स्वास्थ्य येते, असे नाही. आठवण माणसाला बांधूनही ठेवते, आणि समाजाला तर ती सहज हट्टी बनविते. म्हणून म्हाइंभटांची पद्धती बारकाईने पाहावयास हवी. ते स्वतः सराळ्याचे पंडित, वादासाठी आलेले आणि मग अनुसरलेले. सर्व प्रसंगांचे साक्षी ते नव्हतेच. त्यामुळे त्यांना प्रत्येक साक्षीदाराकडे जावे लागले. त्यांत महदाइसा, आबाइसा, उमाइसा ह्यांच्यासारख्या स्त्रियाही होत्या. एकच प्रसंग दोघांना दोन प्रकारे आठवत असेल तेव्हा ग्रंथात दोन्ही आठवणी राहतात. दुसऱ्या आठवणीला म्हणावयाचे ‘वासना’. कधी नुसती ‘एकी वासना’, कधी स्मरण करणाऱ्याचे नाव घालून. पुढे चौकशीत काही अधिक हाती लागले तर तो ‘शोधु’. गोसावी त्या वेळी ओट्यावर बसले होते की उभे होते, अमुक वचन वाटेत झाले की बिढारी, असल्या बारीकसारीक गोष्टींच्या मतभेदांनाही जागा मिळते. वाचकाला प्रथम हा पाल्हाळ वाटतो. दहावीस लीळा वाचून झाल्यावर त्यातील सचोटी ध्यानात येते.

‘वासना’ हा शब्द येथे सहज पडलेला नसावा. दर्शनशास्त्रांत वासना म्हणजे अनुभव निघून गेल्यावर चित्तात उरणारा त्याचा वास, ज्यातून पुढे स्मृती जागी होते. पातंजल योगसूत्रांत स्मृतीची गणना पाच वृत्तींत केली आहे आणि तिचे लक्षण सांगताना योजलेल्या शब्दाचा मूळ अर्थ चोरी न होणे असा आहे. अनुभवलेला विषय मनातून चोरीस गेला नाही, म्हणजे स्मृती. पाठभेदाला वासना म्हणणाऱ्यांनी तो लेखणीच्या चुकीत न शोधता चित्तात शोधला. दोन पोथ्या भिन्न आहेत, असे ते म्हणत नाहीत. दोन माणसांच्या मनांत उरलेले भिन्न आहे, असे म्हणतात. पाठचिकित्सेच्या इतिहासात ह्या भेदाला जेवढे महत्त्व मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले नाही.

फ्रेडरिक बार्टलेट ह्याच्या १९३२ च्या स्मरणविषयक ग्रंथाशी तुलना केली असता ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. एका माणसाने कथा दुसऱ्यास सांगावयाची, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशा साखळीत कथा आखूड होते, तिच्यातील अपरिचित तपशील गळतात आणि ती ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या साच्यात जाऊन बसते, हे बार्टलेटने प्रयोगांनी दाखविले. पुष्कळसे संतचरित्र ह्याच वाटेने तयार होते. म्हणूनच अनेक संतांचे चमत्कार एकमेकांसारखे दिसतात. म्हाइंभटांनी साखळी टाळली. ते मूळ साक्षीदारांकडे वेगवेगळे गेले, आणि जुळत नाही ते जुळवून घेतले नाही. लीळाचरित्रात चमत्कार नाहीत असे नव्हे. पण त्यांच्या शेजारी पायाला लागलेला काटा, शिळे अन्न, रुसवे आणि थट्टाही आहे. साचा बसलेला नाही, त्याचे हे गमक होय.

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. आज उपलब्ध असलेल्या वासना सर्व म्हाइंभटांच्या काळच्या कशावरून? चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर खलजी सैन्याच्या स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि हिराइसेसारख्या तल्लख स्मृतीच्या शिष्येच्या पाठांतरावरून व इतरांच्या आठवणींवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. तेव्हा काही वासना पहिल्या साक्षीदारांच्या, तर काही ह्या दुसऱ्या पिढीच्या. त्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या काढणे शक्य नाही. ऐतिहासिक पुरावा म्हणून ग्रंथाचे मोल ह्यामुळे काहीसे उणावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने हीच गोष्ट अधिक बोलकी आहे. पोथी गमावलेल्या, पांगलेल्या, भयग्रस्त समाजाला एकच निर्विवाद पाठ हवासा वाटला असता तर नवल नव्हते. त्याने मतभेद नोंदविण्याची जुनी शिस्त दुसऱ्यांदा पाळली.

मोरिस हाल्ब्वाक्स ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये असे मांडले की, माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, पंथ, गाव ह्यांच्या चौकटीत आठवतो, आणि चौकट मोडली की आठवण विरते. वऱ्हाडात ही चौकट अक्षरशः जमिनीवर आखलेली आहे. स्थानपोथीने गोसाव्यांच्या वास्तव्याची ठिकाणे दिशा व अंतरे सांगून नोंदविली. त्या ठिकाणी ओटे बांधले गेले. रिद्धपूर, गोविंदप्रभूंचे जन्मस्थान काटसुरे, अचलपूर, अकोला जिल्ह्यातील आलेगाव, त्यापलीकडे मेहकर आणि लोणार, अशी ही स्मरणाची वाट आहे. तिच्यावर चालणारा अनुयायी वाचलेली लीळा पायांनी पुन्हा वाचतो. भाषेचेही तेच. केशोबासांसारखे पंडित संस्कृताकडे वळू लागले तेव्हा, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा आशयाचा आक्षेप भटोबासांनी घेतल्याचे स्मृतिस्थळात आले आहे. ह्या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानासाठी नेहमी केला जातो. तो खरे तर स्मरणकर्त्यांच्या हक्काचा प्रसंग आहे. ज्यांच्या आठवणींतून ग्रंथ झाला त्यांनाच तो परका व्हावा, हे भटोबासांना मान्य नव्हते.

मनःस्वास्थ्याचा प्रश्न ह्याहूनही थेटपणे उभा राहतो तो गोविंदप्रभूंच्या चरित्रात. म्हाइंभटांच्याच नावावर असलेल्या ह्या चरित्रातील गोविंदप्रभू बालपणी आईबापांना मुकलेले, गावभर स्वैर हिंडणारे, मुलांत खेळणारे, अकारण हसणारे, रागावणारे, कोणाच्याही घरात शिरून अन्न घेणारे आहेत. मातंगांच्या वस्तीत जाण्यासही त्यांना संकोच नाही. विहिरीसाठी त्यांना जागा त्यांनीच दाखविली, अशी लीळा आहे. गावकरी त्यांना वेडे म्हणतात आणि ईश्वरही म्हणतात. पुष्कळदा तीच माणसे दोन्ही म्हणतात. चरित्रकाराने पहिला शब्द पुसला नाही. भक्तांच्या लेखणीला तो सहज पुसता आला असता. आजच्या निदानशास्त्रातील एखादे नाव ह्या पुरुषाला चिकटविण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चिकित्सा पोथीवरून होत नसते. ज्याची चिकित्सा होऊ शकते ते गाव आहे. रिद्धपूरने ह्या माणसाला कोंडले नाही, हाकलले नाही आणि सुधारलेही नाही. त्याच्या वागण्याला अर्थ आहे असे धरून चालले, आणि आपल्या संकटात त्याला हाक मारली. ज्या गावाने वेडेपण आणि देवपण ह्यांचा निवाडा घाईने केला नाही, त्याच गावात मतभिन्न आठवणींचा ग्रंथ जन्मला. इ. स. १२८७ च्या सुमारास गोविंदप्रभूंचे प्रयाण झाले आणि भटोबासांच्या परिवाराला रिद्धपूर सोडावे लागले. अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे ह्यांनी स्मृतिस्थळाच्या इंग्रजी भाषांतराला १९९२ मध्ये ईश्वराच्या अनुपस्थितीत अशा अर्थाचे नाव दिले, ते ह्या दुहेरी पोरकेपणाला धरूनच आहे.

तथापि ह्या पद्धतीचे गुणगान करीत राहिल्यास ती जिथे थांबली ते दिसणार नाही. श्रीचक्रधरांच्या अखेरच्या प्रसंगांविषयी हस्तलिखितांत एकवाक्यता नाही. पंथाची श्रद्धा उत्तरापंथे गमनाची आहे; काही पाठांत राजसत्तेकडून झालेल्या छळाचे तपशील येतात. येथे दोन आठवणी शेजारी शेजारी शांतपणे बसत नाहीत. बसण्याच्या दिशेवरून झालेला मतभेद आणि परमपूज्य देहावर झालेल्या आघाताविषयीचा मतभेद ह्यांत अंतर आहे. दुसऱ्यात स्मरण करणाऱ्याचे अवघे स्वत्व पणाला लागते. आघाताची आठवण धरून ठेवणे आणि ती न धरणे, दोन्ही समाजाला जड जातात. अभ्यासकाने येथे विजयी मुद्रेने सत्य उघड करण्याचा आव आणू नये, आणि भिडेखातर पाठ झाकूही नये.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. चौदाव्या शतकापासून ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत गेले. आठवण सुरक्षित झाली, पण एकाकीही झाली. आतल्यांना जे पाठ होते ते बाहेरच्यांना वाचता येईना, आणि रिकाम्या जागी बाहेरच्यांनी आपली आठवण रचली. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आणि ढोंगी ह्या अर्थी रूढ झालेले ‘मानभावी’ हे विशेषण ह्यांतून मराठी समाजाने एका पंथाविषयी काय लक्षात ठेवले ते कळते. स्वतःची भाषा जपणाऱ्या समाजाला त्याच भाषेत शिवी होऊन राहावे लागले. त्याच्या मनावर शतकानुशतके काय परिणाम झाला असेल, ह्याचा विचार वाङ्मयाच्या इतिहासांत अभावानेच आढळतो. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे ह्यांनी सांकेतिक लिपीची उकल केली. ह. ना. नेने, वा. ना. देशपांडे, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते ह्या वऱ्हाड-नागपूरकडील संशोधकांनी हे वाङ्मय प्रकाशात आणले, तेव्हा एका अर्थाने महाराष्ट्राची स्मृतीच दुरुस्त झाली. तो शब्द मात्र अजून कोशांत आहे आणि बोलण्यातही आहे.

तुळपुळे ह्यांची आणि कोलते ह्यांची १९७८ ची आवृत्ती ह्यांमुळे लीळाचरित्राचे अध्ययन पक्क्या पायावर आले. २०२४ मध्ये रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्याने ग्रंथाच्या जन्मस्थानीच त्याच्या अध्यापनाची सोय झाली. आता प्रश्न अध्यापनाच्या रीतीचा आहे. विद्यार्थ्यांसाठी उतारे निवडताना वासना आणि शोधु गाळून सलग, गोळीबंद कथा द्यावयाची सोय मोठी मोहक आहे. अशा उताऱ्यांतून म्हाइंभटांची शैली कळेल, पण त्यांचे कार्य कळणार नाही. वासनांना तळटीपेत ढकलणे म्हणजे साक्षीदारांना सभेबाहेर बसविणे होय. एकांकाच्या बाबतीत तर ही काटछाट विशेष घातक ठरते. त्या भागात श्रीचक्रधर एकटेच हिंडत आहेत. पाहणारा कोणी नाही. तेथील प्रसंग त्यांनी स्वतः पुढे केव्हातरी शिष्यांना सांगितले, शिष्यांनी ते लक्षात ठेवले आणि म्हाइंभटांनी शिष्यांना विचारले. एकाकी पुरुषाची स्वतःविषयीची आठवण दुसऱ्यांच्या शोकातून गाळून आपल्यापर्यंत आली आहे, आणि ती कोणाकोणाच्या मनातून आली हे फक्त वासनाच सांगतात.