परवान्याची परीक्षा आणि कौशल्याची कसोटी

ऑप्टोमेट्रीच्या व्यवसायास परवान्याचे बंधन अमेरिकेत प्रथम मिनेसोटा राज्याने १९०१ साली घातले, व १९२४ पर्यंत इतर राज्यांनीही तसे कायदे केले. प्रत्येक राज्याची परीक्षा निराळी असल्याने निर्माण झालेली विषमता दूर करण्याच्या हेतूने १९५१ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळ स्थापन झाले. त्याच्या परीक्षेचे भाग तीन : मूलभूत शास्त्रे, रुग्णपरीक्षा व उपचारविचार, आणि प्रत्यक्ष कौशल्य.

यांपैकी तिसरा भागच खऱ्या अर्थाने विवाद्य होय. त्यासाठी उमेदवारास नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे जावे लागते. मग तो कॅलिफोर्नियातील विद्यार्थी असो की प्वेर्तो रिकोमधील. एकच स्थळ, एकसारखी उपकरणे व एकसारखे परीक्षक यांमुळे निकालात समानता येते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु समानता म्हणजे यथार्थता नव्हे. नेत्रदाब मोजणे किंवा दृष्टिपटल पाहणे या क्रिया परीक्षेत शिकवून तयार केलेल्या रुग्णावर कराव्या लागतात. त्याचे डोळे बहुधा निरोगी असतात. तेव्हा क्रियेचा क्रम बिनचूक आहे की नाही, हे तेथे कळते. विकृती दिसली असता ती ओळखली जाईल की नाही, हे मात्र कळत नाही. काचबिंदूचा रुग्ण दृष्टी गमावतो तो या दुसऱ्या उणिवेपायी.

२०२४ साली या भागाचे स्वरूप बदलून रुग्णाशी संवाद, निदान व उपाययोजना यांस अधिक स्थान देण्यात आले. ही दिशा योग्यच आहे. तथापि डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होते, असे सांगणे तयार केलेल्या रुग्णास साधते. फाटलेले दृष्टिपटल दाखविणे त्यास साधत नाही. शिवाय एकदा परवाना मिळाल्यावर पुढे ठराविक तासांचे शिक्षण पुरे करावे लागते, हाताची परीक्षा सहसा पुन्हा होत नाही.

भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने ऑप्टोमेट्रीस व्यावसायिक मान्यता दिली असून, समान अंतिम परीक्षेची तरतूदही त्यात आहे. अशी परीक्षा आखताना अमेरिकेची शिस्त अवश्य घ्यावी. परंतु एका दिवसाच्या कसोटीस रुग्णालयातील देखरेखीखालील कामाच्या दीर्घ नोंदीची जोड द्यावी. विकृत डोळे उमेदवारास परीक्षागृहात नव्हे, तर तेथेच भेटतात.