खलाशाच्या गळ्यातला पक्षी

कोलरिजच्या १७९८ सालच्या ‘एन्शंट मॅरिनर’ या काव्यात, बर्फाळ समुद्रात जहाजाच्या सोबतीला आलेला अल्बट्रॉस पक्षी एक खलाशी मारतो. का मारतो? कवी कारण देत नाही. आणि न देण्यातच ख्रिस्ती पापकल्पनेचे मर्म आहे असे मला वाटते. भूक नाही, भय नाही. मनात आले, बाण सोडला!

पण माझे मन अधिक घोटाळते ते इतर खलाशांपाशी. वारा आणणारा पक्षी मारला म्हणून आधी ते त्याला दूषणे देतात; धुके निवळताच तेच त्याची पाठ थोपटतात. १८१७ साली कवीने समासात टीप घातली, की या समर्थनाने तेही अपराधाचे वाटेकरी झाले. नफातोटा पाहून पाप ठरविणारी ही मंडळी आपल्या ओळखीची नाहीत काय?

मेलेला पक्षी क्रूसाच्या जागी खलाशाच्या गळ्यात बांधला जातो. तो गळून पडतो केव्हा? पाण्यातले साप पाहून नकळत त्याच्या मनातून आशीर्वाद निघतो तेव्हा. साप, बरे का. देखणा राजहंस नव्हे!

शेवटचा उपदेश मात्र मला फिका वाटतो. लग्नाच्या पाहुण्याला वाटेत अडवून सांगितलेली ती हकीकत त्याहून कितीतरी मोठी आहे.