अबालाल रहिमान यांची जलकाठची निसर्गचित्रे

कोल्हापूरचे विख्यात चित्रकार अबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) यांनी रंकाळा तलाव व पंचगंगेचा परिसर यांवर केलेली चित्रे. त्यांस पुष्कळदा ‘दृक्‌प्रत्ययवादी’ म्हटले जाते. तथापि हे विशेषण मर्यादित अर्थानेच ग्राह्य ठरते.

अबालाल यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. तेथील ब्रिटिश अकादमिक पद्धतीत रेखनाची अचूकता व छायाप्रकाशाने साधलेली घनता यांना प्राधान्य असे. पुढे त्यांना छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला.

दृक्‌प्रत्ययवादाची भूमिका निराळी आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मॉने (१८४०–१९२६) यांनी आर्झांतय येथे सेन नदीच्या काठचे शरदातील दृश्य १८७३ मध्ये रंगविले. त्यात नारिंगी पर्णराजी व निळे पाणी हे परस्परपूरक रंग शेजारी मांडून ऋतूचा प्रत्यय दिला आहे. उजवीकडील झाडाच्या ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने ओरखडेही काढले आहेत. तेथे वृक्षाचा घनपणा प्रकाशात विरतो.

कोल्हापूरकडील शरद पानांच्या रंगाने ओळखला जात नाही. पावसानंतरची निवळलेली हवा, तुडुंब पाणी व स्वच्छ ऊन ही त्याची लक्षणे होत. त्यामुळे येथील चित्रकाराला रंगांच्या विरोधापेक्षा हवेचा ओलावा व छटांची सूक्ष्म उतरण यांचा आधार घ्यावा लागतो. अबालाल यांच्या संध्यामठ या प्रसिद्ध जलरंगचित्रात पाणी व वातावरण यांना असेच महत्त्व आहे. मात्र रंकाळ्यातील ती दगडी वास्तू विरून जात नाही. तिचे वजन कायम राहते. प्रकाशाचे निरीक्षण दृक्‌प्रत्ययवाद्यांशी नाते सांगते, तर आकाराची निष्ठा अकादमिक संस्काराची आहे.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) अबालाल यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात बुडविली, असे सांगितले जाते. उपलब्ध कृती थोड्या असल्याने त्यांच्या शैलीचा क्रमविकास निश्चित करणे कठीण आहे. म्हणून पाश्चात्त्य संप्रदायाचे नाव देऊन त्यांची थोरवी ठरविण्यापेक्षा, परिचित जलाशयाचे हवामान चित्रविषय म्हणून प्रतिष्ठित करण्यातील त्यांचे कर्तृत्व ध्यानात घेणे उचित ठरते. कोल्हापूरच्या निसर्गचित्रण-परंपरेचा पाया त्यातूनच घातला गेला.