आजोबांचे स्मरण : 'गणगोत'च्या निमित्ताने काही विचार

मराठीत व्यक्तिचित्रांचे पीक उदंड आहे. परंतु आजोबांचे चांगले व्यक्तिचित्र मात्र शोधावे लागते. आईविषयी आणि गुरूविषयी आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले. आजोबांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा पुण्यतिथीच्या स्मरणिकेत, आणि तेथे प्रत्येक आजोबा सत्शील, परोपकारी, शिस्तप्रिय व ईश्वरनिष्ठ असतात. हे गुण त्यांच्या ठायी नव्हते असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्या गृहस्थाने आयुष्यभर घरादाराला हसविले, त्याच्या स्मरणलेखात वाचकाला एकदाही हसू येऊ नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आनंदी माणसाचे स्मरण त्याचा आनंद वगळून करणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गमावणे होय, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने पु. ल. देशपांडे यांचे १९६६ साली प्रसिद्ध झालेले 'गणगोत' पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यातील 'ऋग्वेदी' हे चित्र लेखकाचे मातामह वामन मंगेश दुभाषी यांचे. 'ऋग्वेदी' हे त्यांचे टोपणनाव. 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे, आणि रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'ला त्यांनी 'अभंग गीतांजली' या नावाने मराठी रूप दिले. असा विद्वान पूर्वज लाभला की सामान्य लेखकाची लेखणी हात जोडून उभी राहते, ती पुढे सरकतच नाही. 'गणगोत'ची मांडणीच निराळी आहे. येथे हे वृद्ध ग्रंथकार, बेळगावचे रावसाहेब आणि दिनेश नावाचे एक लहानगे मूल एकाच पंगतीला बसले आहेत. रक्ताचे नाते, स्नेहाचे नाते, वय, विद्वत्ता यांवरून पाट उंच-सखल केलेले नाहीत. आजोबांना देव्हाऱ्यात न बसविता पंगतीत बसविणे, ही आमच्या मते स्मरणलेखनाची पहिली अट होय.

पु.लं.च्या बालपणीची एक हकीकत शिक्षकवर्गाने ध्यानी ठेवावी अशी आहे. ते पाच वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना दहा-बारा ओळींचे भाषण लिहून दिले, पाठ करून घेतले, आणि मुलाने ते शाळेत हावभावांसह खणखणीतपणे म्हणून दाखविले. पुढे लवकरच नातवाने आपली भाषणे आपणच लिहावयास आरंभ केला. त्याच नातवाने वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतन गाठले, आणि १९७४ साली 'वंगचित्रे' हे पुस्तक दिले. आजोबांनी अभंगात आणलेले रवींद्रनाथ नातवाला मूळ भाषेत वाचावेसे वाटले, यात कोणी कार्यकारणभाव शोधू नये. परंतु घराण्याचा वारसा कोणत्या वाटेने चालतो, हे त्यावरून कळते. अश्रूंनी भिजलेल्या चार पानांपेक्षा असे स्मरण अधिक टिकाऊ असते.

आता मुख्य मुद्दा. आजोबांचा विनोद राहतो कोठे? तो प्रसंगात राहतो असे आपण समजतो. वास्तविक तो त्यांच्या बोलण्यात राहतो. बेळगावच्या रावसाहेबांची मराठी कानडीचा हात धरून चालते, आणि वाटेत शिव्याही भेटतात. ती मराठी शुद्ध करून लिहिली असती, तर रावसाहेब नाहीसे झाले असते. १९५७ साली रंगभूमीवर आलेल्या 'तुझे आहे तुजपाशी'तील काकाजी हे काही आजोबा नव्हेत. पण घरातील तरुण मंडळींना सांभाळून घेणाऱ्या रसिक वडीलधाऱ्याचे त्याहून जिवंत चित्र आमच्या नाटकांत थोडेच सापडेल. त्या काकाजींची हिंदीच्या वळणाने जाणारी इंदुरी मराठी काढून घ्या, आणि मागे उरतो तो केवळ उपदेश करणारा गृहस्थ. पु.लं.नी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले होते, आणि 'व्यक्ती आणि वल्ली'तील चित्रांपैकी काही प्रथम वडोदऱ्याहून निघणाऱ्या 'अभिरुची'त आली. महाराष्ट्राच्या कडेकडेने बोलल्या जाणाऱ्या मराठीला त्यांनी हसून सोडून दिले नाही, तिला मानाने पंगतीस बसविले, याचे आम्हां सीमावासीयांना विशेष मोल वाटते.

हे सर्व आम्ही केवळ वाङ्मयीन कौतुकासाठी लिहीत नाही. 'माझे आजोबा' हा निबंध आमच्या शाळेत दरवर्षी लिहिला जातो. एका विद्यार्थ्याने मार्गदर्शक पुस्तकातील सारी विशेषणे आपल्या आजोबांना बहाल केली होती. निबंध निर्दोष होता आणि निर्जीवही होता. त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो सांगू लागला : आजोबा भाजीबाजारात भाव कानडीत करतात आणि पैसे मराठीत मोजतात, घरातल्या कुकरला त्यांनी 'गार्डसाहेब' असे नाव ठेवले आहे, कारण ते शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकतात, पण गाडी काही हलत नाही. हे निबंधात का लिहिले नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "सर, ते चालतं होय निबंधात?" हा प्रश्न आपणा शिक्षकांसाठी आहे. ज्या घरांतील तिसरी पिढी दुसऱ्या माध्यमातून शिकते, त्या घरांत मराठीचा अखेरचा सहजपणा पुष्कळदा आजोबांच्याच जिभेवर असतो. तो आपण लाल शाईने खोडला, तर पुढे त्याची नोंद कोणापाशी राहणार?

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. विनोदाचा आश्रय केला म्हणजे चित्र साधले, असे नव्हे. पु.लं.च्या अनुकरणाने आजोबांना चुटक्यांचे गाठोडे करून टाकणारे लेखन अलीकडे फार झाले आहे. रत्नागिरीचा अंतू बर्वा बोचरे बोलतो, परंतु त्या बोलण्यामागे दारिद्र्य व एकाकीपणा आहे. वाचक हसता हसता थबकतो, तो त्यामुळे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड असे रंगविले आहे की हसू आवरत नाही, आणि त्या वेडापायी घरातल्यांनी काय सोसले, तेही त्यांनी झाकून ठेवलेले नाही. पु.लं.चा स्वभाव मुळात मायाळू; त्यामुळे माणसाच्या उणिवेवर ते क्वचित फार लवकर शाल पांघरतात. या एका बाबतीत लक्ष्मीबाईंची निर्भयता आम्हांस अधिक अनुकरणीय वाटते. आजोबा आनंदी होते, एवढे सांगून भागत नाही. ते कशावर हसत, कशावर हसत नसत, आणि कोणते दुःख हसण्याआड ठेवीत, हे सांगितले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. ठिकठिकाणच्या मराठी संस्था ज्या स्मरणिका काढतात, त्यांच्या संपादकांनी प्रत्येक लेखकापाशी दिवंगताच्या तोंडचे एक तरी वाक्य मागावे, आणि ते बोलले गेले तसे छापावे. त्यात हिंदी, गुजराती, कानडी, कोकणी जे मिसळले असेल त्यासह. शाळांनी निबंधापूर्वी मुलांना आजोबांजवळ अर्धा तास बसण्यास सांगावे आणि ऐकलेले तसेच लिहून आणण्यास सांगावे. ज्यांचे आजोबा हयात आहेत त्यांना हे आजच करता येईल. पुढे लेखन करण्याची वेळ येईल तेव्हा विशेषणे कोशातही सापडतील; आजोबांचे वाक्य मात्र तेथे सापडणार नाही.